प्रच्छन्न बेकारी व अपुरा रोजगार

विशेषतः मंदीच्या काळात ज्यांना बेकार म्हणता येत नाही, परंतु ज्यांच्या श्रमशक्तीस पुरेसे काम किंवा कौशल्यास साजेसे वेतन लाभत नाही, अशा श्रमिकांची अवस्था. रोजगार सुटल्यावर हलक्या, अल्प उत्पादक धंद्यांत शिरणाऱ्यांसाठी जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये प्रच्छन्न बेकारीची संकल्पना मांडली.

मुंबईत भोईवाडा, परळ, लालबाग या कापडगिरण्यांच्या परिसरात, म्हणजे गिरणगावात, या अवस्थेचे ठळक रूप बदली कामगारांत दिसे. पाळीच्या वेळी गिरणीच्या दरवाज्याशी हजर राहावे आणि कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळावे, असा हा दस्तूर होता. त्यामुळे मंदीचा पहिला आघात त्यांच्यावरच होई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक कुशल विणकर फेरीवाले वा पहारेकरी झाले. गणतीत ते रोजगारात असले, तरी त्यांची मिळकत घटली व हुन्नर वाया गेला.

अशी बेकारी मोजणेही अवघड असते. बेकारीच्या अंदाजांचा विचार करणाऱ्या दांतवाला समितीच्या १९७० च्या अहवालानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने नेहमीच्या, साप्ताहिक व दैनिक स्थितीनुसार मोजणी स्वीकारली. दैनिक मोजणीत रिकामे दिवस उघड होतात. मात्र वाया गेलेले कौशल्य तीतही नोंदले जात नाही, म्हणून श्रमनीतीने मिळकतीचा आणि कौशल्याचाही हिशेब ठेवणे अगत्याचे आहे.