मांडल यांच्या हट्टाची वंशावळ

1936 च्या एप्रिलमध्ये रुडी मांडल नावाचे एक चेक इंजिनिअर प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्याकडे जाऊन थडकले. ताऱ्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे 1919 च्या खग्रास ग्रहणात दिसलंच होतं. मग एका ताऱ्याच्या अगदी मागे दुसरा तारा आला, तर पुढचा भिंग होऊन मागच्याचा प्रकाश एकवटणार नाही का, असा त्यांचा प्रश्न. (असल्या एकवटलेल्या किरणांनीच पृथ्वीवरचे प्राणी नामशेष झाले असावेत, असाही त्यांचा एक तर्क होता. तो सोडून देऊ.) आइन्स्टाइन यांच्या 1912 च्या वहीत हे गणित आधीच पडून होतं. मांडल यांनी मात्र पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये एक छोटं टिपण आलं. असं दृश्य पाहायला मिळण्याची आशा नाही, हेही त्यातच लिहिलेलं. हे मांडल यांनी माझ्याकडून पिळून काढलंय, त्याला फारसं मोल नाही, पण बिचारा खूश होईल, असं आइन्स्टाइन यांनी संपादकांना कळवलं होतं.

त्यांची निराशा रास्तच होती. आकाशगंगेच्या मध्याकडे, जिथे ताऱ्यांची सर्वाधिक दाटी, तिथेही दहा लाख ताऱ्यांपैकी जेमतेम एखाद्यावर एका वेळी असं भिंग आलेलं असतं. उणीव सिद्धान्तात नव्हती. रोज रात्री लाखो तारे मोजणारा कुणी नव्हता. पन्नास वर्षांनी सीसीडी कॅमेरे आणि संगणक आले. 1986 मध्ये पोलंडचे बोहदान पाचिन्स्की यांनी सुचवलं, की शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघ या दीर्घिकेतल्या लाखो ताऱ्यांवर पाळत ठेवा. पुढे याच वाटेनं ग्रह सापडले, पण पाचिन्स्की यांना ग्रह नको होते. आकाशगंगेभोवतीचं न दिसणारं द्रव्य काळ्या गोळ्यांच्या रूपात आहे का, एवढंच पाहायचं होतं. 1993 मध्ये तीन गटांनी पहिल्या घटना जाहीर केल्या. पुढच्या काही वर्षांत त्या द्रव्याचा हिशेब या गोळ्यांनी भागत नाही, हे स्पष्ट झालं. मूळ कामात अपयश आलं, तरी हत्यार हाती राहिलं, आणि मला या कुळात हेच वळण सर्वांत रंजक वाटतं.

हत्यार दुसऱ्या कामाला लावण्याची कल्पनाही पाचिन्स्की यांच्याच घरातली. 1991 मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी शुदे माओ यांनी दाखवलं, की भिंग झालेल्या ताऱ्याला ग्रह असेल तर तोही आपली खूण सोडतो. मागच्या ताऱ्याचं तेज काही आठवडे चढतं आणि तसंच उतरतं. ग्रह असला, तर त्या गुळगुळीत आलेखावर मध्येच एक टेंगूळ येतं. गुरूएवढ्या ग्रहाचं टेंगूळ साधारण दिवसभराचं, पृथ्वीएवढ्याचं काही तासांचं. ग्रहाचा प्रकाश लागतच नाही, त्याच्या ताऱ्याचाही नाही, वस्तुमान पुरतं. शिवाय हे भिंग सर्वांत तीक्ष्ण असतं ते ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोन-चार पट दूर, म्हणजे जिथे पाणी गोठून बर्फ होतं आणि महाकाय ग्रह घडतात त्या पट्ट्यात. इतर पद्धतींना ताऱ्याला चिकटून फिरणारे ग्रह सोपे. तिथे ही पद्धत दुबळी.

या पद्धतीनं पहिला ग्रह सापडला तो 2003 च्या नोंदींत. चिलीतल्या लास कॅम्पानासवरून ओगल हा पोलिश गट आणि न्यूझीलंडच्या माउंट जॉनवरून मोआ हा जपान-न्यूझीलंडचा गट एकाच ताऱ्याकडे पाहत होते. मोआची तेव्हाची दुर्बीण अवघी 0.6 मीटरची! सात दिवसांच्या गडबडीतून निघाला सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा गुरूसारखा ग्रह. 2005 मध्ये दुसरा ग्रह मिळाला, तेव्हा मदतीला ऑकलंडचे ग्रँट ख्रिस्ती आणि जेनी मॅकॉर्मिक हे हौशी निरीक्षक होते. मॅकॉर्मिक यांची वेधशाळा घरीच, दुर्बीण दहा इंची. टेंगूळ उमटत असताना कुठेतरी रात्र आणि निरभ्र आकाश हवंच, म्हणून हौशींचीही इतकी किंमत.

कारण संधी एकदाच मिळते. तारे आपापल्या वाटेनं सरकतात आणि तीच रांग पुन्हा लागत नाही. तरी 2003 च्या ग्रहाचा पाठपुरावा संपला नाही. हबल दुर्बिणीच्या चित्रांतून भिंग झालेल्या ताऱ्याचा उजेड वेगळा काढता आला, तारा आधी समजला होता त्यापेक्षा जड निघाला, आणि त्याच हिशेबानं ग्रहाचं वजनही गुरूच्या सुमारे दीडपटीवरून अडीचपटीवर गेलं.