नाडी कोण धरणार?

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तराची हकिकत दिली आहे. त्याचं पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत पाय टाकायला तयार नाही. तिलाच ओल्या बाळासकट वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं मास्तराला, मास्तरानं बायकोला. निदान झालं न्यूमोनियाचं. बाई मेली. डॉक्टरजवळ विद्या होती, औषध होतं. हात तेवढा नव्हता.

दोस्तहो, हाच हात हिजड्यांनाही नाकारला गेला.

१८७१ च्या ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही होती. उत्तर हिंदुस्थानात ती पोलिसांनी भरली. दंडसंहितेच्या कलम ३२० मध्ये ‘जबर दुखापती’च्या यादीत पहिलंच नाव लिंगच्छेदाचं होतं. मग कुठला डॉक्टर शस्त्रक्रियेला उघडपणे हात घालील? निर्वाण चोरून झालं, दाईच्या हातून. पुढचे चाळीस दिवस काळजी घेतली ती गुरूच्या घरानं. दवाखान्यात वॉर्ड दोनच, बायकांचा आणि पुरुषांचा. तिसऱ्यानं खाट कुठं टाकायची?

म्हणून त्यांनी वाट स्वतः पाडली. कुठला डॉक्टर नीट बोलतो, कुठली नर्स हसत नाही, हे गुरूकडून चेल्याला कळायचं. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९९ मध्ये हिजड्यांनीच दाई वेल्फेअर सोसायटी काढली. एड्सच्या काळात सरकारला त्यांची आठवण झाली, ती रोग पसरेल या भीतीनं. पण त्या भीतीतूनही त्यांनी दवाखान्याचं दार उघडून घेतलं. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा खटल्यात सांगितलं, यांना इस्पितळात उपचार मिळाले पाहिजेत. २०१९ च्या कायद्यात आरोग्याचं कलम आलं. २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. इस्पितळात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा वॉर्ड सुरू झाला.

मी भिसेगावचा. कर्जत स्टेशन आमच्या उंबऱ्याशी. जी. टी. म्हणजे इथून लोकलनं शंभर किलोमीटर, शेवटचं स्टेशन. ताप चढलेल्या माणसानं एवढं जायचं का? तालुक्याच्या गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. हक्क तिथं, केसपेपरच्या खिडकीवर मिळायला हवा.

आणि एक सांगतो, राग आला तरी चालेल. आपल्याच वस्तीत, निळ्या झेंड्याखाली, टाळीची नक्कल करून खिदळणारे आहेत. ज्यांच्या आजीला वेशीबाहेरून औषध फेकलं गेलं, त्यांना हे हसू शोभत नाही. महाडचं तळं याच जिल्ह्यात आहे. १९२७ ला तिथं पाण्याला हात लावला तो सगळ्या माणसांच्या वतीनं.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी तृतीयपंथी केसपेपरच्या रांगेत दिसली, तर रांगेत तिच्या मागे उभे राहा. कुणी तिला बाजूला काढलं, तर तोंड उघडा.