आजी-आजोबांच्या मृत्यूनंतरचा बालशोक

आजी किंवा आजोबांच्या निधनामुळे लहान मुलांना होणारे दुःख आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची प्रक्रिया यांस बालशोकाचा एक प्रकार मानले जाते. अनेक मुलांनी अनुभवलेला जवळच्या माणसाचा हा पहिलाच मृत्यू असतो. दिवसभर सांभाळणारी व्यक्ती आजीच असेल, तर ही हानी आई-वडील गमावण्याइतकी तीव्र असू शकते. मोठी माणसे मात्र 'वय झाले होते' असे म्हणून सावरतात व मुलाचे दुःख नजरेआड होते.

मृत्यूची समज

हंगेरियन मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्ट व परिसरातील 3 ते 10 वर्षांच्या मुलांचा अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात, असे त्यांना आढळले. मेलेला माणूस परत येत नाही, प्रत्येक जण मरतो आणि मृत्यूनंतर शरीराची सर्व कामे थांबतात, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात.

भाषेचा प्रश्न

मराठी घरांत 'आजोबा देवाघरी गेले', 'आजी तारा झाली' असे सांगण्याची रीत आहे. लहान मूल हे शब्दशः घेते आणि आजोबा देवाघरून कधी येणार, असे विचारत राहते. 'झोपले' असे सांगितल्यास त्याला स्वतःच्या झोपेचीही भीती वाटू शकते. म्हणून तज्ज्ञ 'वारले' किंवा 'मरण पावले' हे शब्द वापरून, शरीर चालायचे थांबले, असे सांगण्याचा सल्ला देतात. श्रद्धेचे बोलणे त्यामुळे वर्ज्य ठरत नाही. ते या माहितीच्या जागी येऊ नये, इतकेच. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी बालमालिकेत वृद्ध दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली 1982 मध्ये वारले, तेव्हा निर्मात्यांनी पात्र गावाला गेल्याचे दाखवले नाही. 1983 च्या भागात हूपर मरण पावले व परत येणार नाहीत, असे बिग बर्डला स्पष्ट सांगण्यात आले.

लक्षणे

मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी प्रकट होतो. रडणारे मूल थोड्याच वेळात खेळू लागते. तो कोरडेपणा नव्हे. पोटदुखी, अंथरूण ओले करणे, चिडचिड अशी लक्षणे दिसतात. आपण आजीशी भांडलो म्हणून ती गेली, असा अपराधभावही मुले मनात बाळगतात आणि तो विचारल्याशिवाय क्वचितच बोलून दाखवतात.

विधींतील सहभाग

महाराष्ट्रातील अनेक हिंदू कुटुंबांत सुतक, दहाव्याचे पिंडदान व तेरावा या काळात मुलांना नातेवाइकांकडे पाठवले जाते. काय दिसेल हे आधी समजावून, मुलाच्या इच्छेनुसार व सोबत एक मोठे माणूस ठेवून त्याला निरोपात सहभागी करून घेणे हितकारक मानले जाते. पिंडाला कावळा शिवण्यास उशीर झाल्यावर होणारी 'इच्छा राहिली' ही चर्चा मुलाने ऐकली असल्यास त्याच्याशी त्याबाबत बोलावे लागते.

वैद्यकीय निकष

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या निदानपुस्तिकेत प्रदीर्घ शोकविकाराचा समावेश आहे. त्याच्या निदानासाठी मृत्यूनंतर प्रौढांत किमान 12 महिने, तर मुलांत व किशोरवयीनांत 6 महिने उलटलेले असावे लागतात.