मिरची चालली, मग डुक्कर का नाही?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या युवा शिबिरात सहभोजनाचं ठरत होतं. मातंग वस्तीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "दादा, डुकराचं कालवण मी चांगलं करतो, मी करू का?" सगळे गप्प. मग आपल्याच एका बौद्ध पोरानं नाक मुरडलं, "ते आपल्यात चालत नाही." हे वाक्य मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. त्या दिवशी आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलं, म्हणून हा लेख.

या कालवणाचा इतिहास मेक्सिकोपासून सांगावा लागतो, कारण त्यातली लाल मिरची तिथूनच आली. मेक्सिकोच्या प्वेब्ला शहरात 'तिंगा' नावाचं कालवण करतात. डुकराचं मांस उकडून त्याचे धागे सोडवायचे, कांदा चरबीत परतायचा, टोमॅटो आणि 'चिपोत्ले' मिरची वाटून घालायची आणि रटरट शिजवायचं. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची. तिचा गर जाड असतो, उन्हात वाळण्याआधीच सडतो, म्हणून धूर देतात. नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतलं: धुराची मिरची. आपली मिरची पातळ सालीची, ती माळवदावर उन्हात वाळते.

या पातेल्यात मिरची आणि टोमॅटो जितांचे आहेत; डुक्कर, कांदा, लसूण जेत्यांचे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान जिंकलं. त्यांच्या लेखी गहू म्हणजे सभ्य माणसाचं अन्न आणि मका म्हणजे मूळ रहिवाशांचं हलकं अन्न. १८९९ मध्येसुद्धा फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्यानं माणसांची गहू, तांदूळ आणि मका खाणारे अशी विभागणी करून मका खाणाऱ्यांना मागास ठरवलं. पुढे २०१० मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मका, घेवडा आणि मिरची हाच त्या स्वयंपाकाचा पाया.

आता स्पेन बघा. धर्मांतर केलेला ज्यू किंवा मुसलमान डुक्कर टाळतो असं दिसलं, की इन्क्विझिशन त्याच्यावर संशय घेई. तिथं न खाणं संशयास्पद, इथं खाणं विटाळ. मांस तेच. मग विटाळ मांसात आहे, की तो ठरवणाऱ्याच्या सत्तेत?

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत मिरची भारतात आली. आपल्या जातिव्यवस्थेला त्यांनी 'कास्ता' म्हटलं, त्यातूनच इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द आला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तीच मिरची डुकराच्या विंदालूत पडली. पण ती तिथंच थांबली नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकघरातही गेली. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. मिरची, बटाटा, शेंगदाणा हे सगळे अमेरिका खंडातले. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. परदेशी मिरचीची जात कुणी विचारली नाही. गावातल्याच माणसाचं पातेलं मात्र वेशीबाहेर राहिलं.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं. काय सोडायला सांगितलं होतं ते नीट समजून घ्या. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं, कारण ते अन्न गुलामीच्या बदल्यात मिळत होतं. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी आहाराचा आणि अस्पृश्यतेचा संबंध इतिहासातून उलगडला आणि ब्राह्मणही एकेकाळी गोमांस खात होते हे दाखवलं. शेजारच्या वस्तीचं पातेलं नाकारा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि तथागत? चुंद नावाच्या धातुकाम करणाऱ्या माणसाच्या घरी त्यांनी शेवटचं जेवण घेतलं. त्यातलं 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचं मांस की अळंबी, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. माझ्यासाठी त्यापेक्षा पुढची गोष्ट मोठी आहे. आजारी असतानाही त्यांनी आनंदाला बजावलं, की चुंदाला कुणी दोष देऊ नये.

आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं. त्यात मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन्ही समाजांचं जेवण एकाच पुस्तकात आहे. पुस्तकात एकत्र येणारी ही दोन घरं आपल्या पंगतीत एकत्र का येत नाहीत?

ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये. मीही अनेक गोष्टी खात नाही. पण 'मी खात नाही' ही निवड आहे आणि 'ते आपल्यात चालत नाही' ही जात आहे. पहिलं वाक्य बोलायला कुणाची हरकत नाही. दुसरं चळवळीत चालता कामा नये.

त्या दिवशी शेवटी पिठलं-भाकरी झाली. तो कार्यकर्ता काहीच बोलला नाही, पण जेवायलाही थांबला नाही. यंदाच्या शिबिरासाठी मी त्यालाच पहिला फोन केला. कालवण तो करणार आहे. शेजारी वांग्याचं पातेलंही असेल. पंगत मात्र एकच बसेल, आणि नाक मुरडणाऱ्या त्या पोराला वाढायला उभं करणार आहे.

जय भीम!