शेपटीतले हात

वीर्याचा थेंब काचपट्टीवर पसरला, की शुक्रजंतूंची लगबग सुरू होते. १६७७ मध्ये डेल्फ्टच्या लेवेनहूकनं स्वतः घासलेल्या भिंगातून ती पाहिली. आमच्या लॅबमध्ये मात्र कधी असा नमुना येतो, की जंतू भरपूर, जिवंत; पण एकही जागचा हलत नाही. तोवर घरच्यांनी सुनेला चार वैद्य दाखवून झालेले असतात.

हे कोडं सुटलं स्टॉकहोममध्ये. निरोगी शेपटीच्या आडव्या छेदात कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या दिसतात. जोड्यांना डायनिन या प्रथिनाचे चिमुकले हात असतात. ते शेजारच्या जोडीला खेचतात, म्हणून शेपूट वळवळते. ब्योर्न आफ्झेलियस यांना काही वंध्य पुरुषांत हे हातच दिसले नाहीत. १९७६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांची घडणही तशीच, म्हणून या पुरुषांना लहानपणापासून कफ-खोकला. काहींचं हृदयही उजवीकडे! झुरिकच्या कार्टागेनर यांनी १९३३ मध्येच अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं.

१९९९ मध्ये या विकाराचं पहिलं जनुक हाती लागलं. सदोष प्रत बहुधा आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. म्हणून असा नमुना दिसला, की मी आधी विचारतो, ‘सर्दी-खोकला कधीपासून?’