ट्रेमोलो
ट्रेमोलो : गिटारची एकच तार उजव्या हाताच्या बोटांनी क्रमाने व जलद छेडून अखंड स्वराचा आभास निर्माण करणारे वादनतंत्र. ‘थरथरणारा’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडले. १९ व्या शतकातील गिटाररचनांत ते आढळते. स्पॅनिश वादक-रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’ या रचनेने ते सर्वपरिचित झाले.

छेडलेल्या तारेचा नाद लगेच ओसरतो. त्यावरचा हा उपाय होय. अभिजात पद्धतीत अंगठा खर्जाचा स्वर वाजवतो व पाठोपाठ अनामिका, मध्यमा, तर्जनी वरच्या तारेवर एकच स्वर तीनदा उमटवतात. फ्लामेंकोत (पहा : फ्लामेंको) तर्जनीचा एक आघात वाढून हे आघात चार होतात. सर्व आघातांतील अंतर समान राखणे, हे खरे कौशल्य. अंतर बिघडले की घोड्याच्या दौडीसारखा लंगडा ठेका ऐकू येतो. वेगाच्या घाईने हा दोष हमखास जडतो. म्हणून रोजच्या रियाजात मेट्रोनोमवर विलंबित लयीपासून सुरुवात करतात. दुसऱ्या तारेवरील सराव अधिक कठीण, कारण नख शेजारच्या तारांना लागते. नखांची कड गुळगुळीत नसल्यास स्वर खरखरतो.

सतारीच्या झाल्याशी (पहा : झाला) याचे साम्य वरवरचे आहे; कारण झाल्यात चिकारीच्या तारांवर आधारस्वराचे आघात होतात, ट्रेमोलोत मुख्य स्वरावलीतील स्वरच पुनरावृत्त होतो. पाराग्वेचे आगुस्तिन बार्रिओस (१८८५–१९४४) यांच्या रचनांतही हे तंत्र महत्त्वाचे आहे. (पहा : गिटार).