डग्ग्याच्या बाजूने : साथसंगतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

दिवाळी झाली की वडशात नाटकांच्या तारखा पक्क्या करण्याची घाई उडते. कागदोपत्री देसाईगंज, लोकांच्या तोंडी आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा. वैनगंगेकाठचं हे गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांची मंडळं इथल्या कंपन्यांच्या कार्यालयांत येऊन नाटक ठरवतात. मग मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या किंवा शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने ते गावात उभं राहतं आणि रात्रभर चालतं. जाहिरातीवर नाटकाचं नाव ठळक, कंपनीचं नाव ठळक, कलाकारांचे चेहरे त्याहून ठळक. वादकांची नावं असलीच तर तळाशी, बारीक अक्षरांत. या बारीक अक्षरांचा अभ्यास करू पाहणाऱ्या नव्या वाचकाचं इथे स्वागत आहे.

आधी हे पाहू की साथीदार नेमकं करतो काय. झाडीपट्टीत संगीत अजून रंगमंचापाशी, डोळ्यांदेखत वाजतं: ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड. एका गायिकेची पट्टी काळी चार, तिच्यासोबतच्या नटाची पांढरी एक. ऑर्गनवाल्याला दोन्ही ध्यानात ठेवून संवादाच्या शेवटच्या शब्दाआधीच योग्य स्वर द्यावा लागतो. नट ओळ विसरला तर दोन आवर्तनं वाढवायची, प्रवेश रेंगाळला तर लय चढवायची. त्यात हंगाम थंडीचा. दव पडू लागलं की तबल्याची पुडी ओल धरते, चामडं सैलावतं आणि स्वर उतरतो. ऑर्गनचा स्वर मात्र जागचा हलत नाही. म्हणून तबलजी मिळेल त्या सवडीत गजऱ्यावर हातोडीचे ठोके देत तबला पट्टीत आणत राहतो. हे सगळं बिनबोभाट झालं तर प्रेक्षक म्हणतो, नाटक रंगलं. साथ बिघडते तेव्हाच ती ऐकू येते.

ही गोष्ट फक्त झाडीची नाही. रॉक संगीतात तीच जागा बास गिटारवाल्याची. 1961मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला, तेव्हा बास घ्यायला कुणीच उत्सुक नव्हतं. पॉल मॅकार्टनीने तो घेतला. मॅकार्टनी गायक आणि गीतकारही होता, म्हणून झाकला गेला नाही. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन मात्र साठच्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत वाजत राहिला आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव नव्हतं. ते छापलं गेलं 1971च्या मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. 1983मध्ये तो वारला. त्याच्यावर पुस्तक आलं 1989मध्ये आणि मोटाउनच्या वादकांवर माहितीपट 2002मध्ये.

आपल्याकडेही हेच. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी उभा केला. त्यातले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे साऱ्या देशाला नावाने ठाऊक झाले, पण ते नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूचं आहे हे किती जणांना माहीत होतं? या वादकांच्या मुलाखतींवर उभा राहिलेला ग्रेगरी बूथ यांचा ग्रंथ 2008मध्ये आला. मराठी संगीत रंगभूमीचं चित्र जरा वेगळं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, आणि रसिक त्यांची नावं आदराने घेत. पुढे गोविंदराव पटवर्धनांच्या ऑर्गनलाही मान मिळाला. म्हणजे साथीदाराला नाव मिळूच शकत नाही असं नाही. ते मिळण्यासाठी ऐकणारा आणि लिहून ठेवणारा लागतो. तमाशात शाहिरामागे तुणतुणं धरून सूर सांभाळणाऱ्या सुरत्याला तसा लिहिणारा क्वचितच भेटला.

दुर्लक्षाचं आणखी एक कारण ध्वनीतच आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपनं देते. डग्ग्याचा घुमारा याच खालच्या पट्ट्यातला. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला तो पेलत नाही आणि जुन्या भोंग्यांनाही तो पेलत नव्हता. त्यामुळे झाडीपट्टीच्या नाटकांची जी चित्रणं आज हातोहात फिरतात, त्यांत नटाचा आवाज आणि तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा जवळजवळ गळून पडतो. अशा चित्रणावर विसंबून उद्या कुणी इतिहास लिहिला तर तो अर्ध्याच तबल्याचा इतिहास होईल.

झाडीपट्टीचा अभ्यास काही शून्यापासून सुरू करायचा नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि दंडार या इथल्या लोकनाट्यावर पायाभूत काम केलं आहे. 2023मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि इथल्या नटाकडे दूरच्यांचंही लक्ष गेलं. बोली झाली, नट झाला. आता पाळी वादकाची.

हे काम करायचं कसं? पहिलं, जुन्या जाहिराती आणि कंपन्यांच्या हिशेबवह्या जपायच्या. एका रात्रीच्या नाटकात वादकाला काय मिळालं आणि नायकाला काय, हे वहीच सांगेल. दुसरं, ध्वनिमुद्रण आपण करायचं आणि तबल्याजवळ, ऑर्गनजवळ स्वतंत्र माइक ठेवायचा. तिसरं, मुलाखत वाद्य हाताशी ठेवून घ्यायची. ‘कसं वाटायचं?’ असं विचारलं तर ठरावीक उत्तरं मिळतात. ‘खलनायकाच्या प्रवेशाला काय वाजवायचात, आता वाजवून दाखवा’ म्हटलं की विद्या बाहेर येते. चौथं, वादक कुणाकडून शिकला ते नोंदवायचं: भजनी मंडळात, दंडारीत, बँडपथकात की घरात.

एक सावधगिरी मात्र हवी. साथीदाराकडे कीव करत पाहू नये. लय, पट्टी आणि शांतता यांचे निर्णय त्याच्या हातात असतात; तो सत्ता गाजवणारा माणूस आहे, फक्त ती सत्ता दिसत नाही. आणि निर्णय त्याचे म्हटल्यावर दोषही त्याचेच. ऑक्टोपॅडच्या दणक्यात संवाद बुडाला तर तसं लिहावं. कौतुकाइतकाच टीकेचा हक्क मिळाला, तरच वादक कलावंत म्हणून अभ्यासात आला असं म्हणता येईल.

तेव्हा येत्या हंगामात झाडीतलं एक नाटक पूर्ण ऐका. नटाकडे पाहू नका. साथीने नाटकाची वाट कुठे कुठे बदलली, तेवढंच वहीत टिपा. मग ती टिपणं वादकालाच वाचून दाखवा. तुमचं ऐकणं कुठे चुकलं ते तो सांगेल, आणि खरा अभ्यास त्या दुरुस्त्यांपासून सुरू होईल.